इद्वलची सुटी नाणी

लाल डब्यातला एक खळगा पुन्हा रिकामा होता.

"बाबा, यातलं पन्नास पेन्सचं नाणं कुठंय?" नेस्टानं विचारलं.

इद्वल चहात बिस्कीट बुडवत होता. "कुठलं नाणं?"

"प्रूफ संचातलं. काल रात्री होतं इथं."

"हां, ते. पाव आणला ना सकाळी." त्यानं टेबलाकडे बोट दाखवलं. "घे एक तुकडा. मऊ आहे."

नेस्टानं कपाळाला हात लावला. हा तिसरा संच.

वेल्समधल्या ट्रिओर्की गावात इद्वलच्या स्मारक नाण्यांच्या संग्रहाला तोड नव्हती. खाणीत कामाला असल्यापासून त्यानं एकाही वर्षाचा संच चुकवला नव्हता. प्रूफ म्हणजे घासून लखलखीत केलेल्या साच्यांनी खास संग्राहकांसाठी ठोकलेली नाणी. पार्श्वभूमी आरशासारखी, वरचं चित्र दुधी. बोट लागलं की घामातले क्षार धातूवर डाग पाडतात आणि तो डाग कायमचा. म्हणून प्रत्येक नाण्याला स्वतःची पारदर्शक डबी. लहानपणी नेस्टाला त्या डब्यांजवळ शिंकायचीही बंदी होती. आता तोच माणूस डबी फोडून पाव आणत होता. हा संग्रह सोडला तर मुलीसाठी मागे ठेवण्यासारखं त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात नेस्टा कार्डिफची नोकरी सोडून त्याच्याकडे राहायला आली होती. म्हातारा एकटा आहे, त्याला टाकून कुठं जाता येत नाही, असं ती मैत्रिणींना फोनवर सांगायची. किराणा गाडीवाला दारात ठेवून जायचा. स्वतःचे केस ती घरीच कापायची. आणि आता वर हे विसरणं.

"मी बेकरीत फोन करते. वेगळं काढून ठेवा म्हणते."

"कर की. मी जाऊन घेऊन येतो." इद्वल उठला आणि कोटाचे खिसे चाचपू लागला. आत किल्ल्या खुळखुळल्या.

"तुम्ही नका जाऊ! मागचं किल्ल्यांच्या खिशात टाकून आणलंत. राणीच्या गालावर हा एवढा ओरखडा."

"मग तूच जा बाई. माझं काय."

नेस्टानं कोट चढवला. दारापाशी ती बराच वेळ किल्ली शोधत राहिली. किल्ली तिच्या मुठीतच होती. शेवटी तिनं दार असं आपटलं की वरची काच थरथरली.

बेकरीपर्यंतच्या चढानं तिला धाप लागली. वाटेत दोनदा भिंतीला हात लावून उभं राहावं लागलं. आत बेडोबाईंनी पिठाचे हात पुसून गल्ल्याशेजारची कागदाची पुडी पुढे केली.

"म्हटलं, येशीलच तू."

"तुम्ही घेताच कशाला त्यांच्याकडून? दिसत नाही का, कसलं नाणं आहे ते?"

"खरं नाणं आहे पोरी. खऱ्या नाण्याला नाही कसं म्हणू?" बेडोबाई म्हणाल्या. "आणि तुझा बाप ऐकतो का कुणाचं?"

नेस्टानं साधं नाणं ठेवलं, पुडी उचलली आणि घरी येऊन बापाला एक लांबलचक व्याख्यान दिलं. तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "पाव नाही आणलास?"

तिनं डबे वरच्या फडताळात ठेवून कुलूप लावलं. पुढच्याच आठवड्यात कुलूप उघडं आणि किल्ली साखरेच्या बरणीत. या खेपेला गेलं होतं पाच पौंडांचं मोठं नाणं, आणि तेही तिच्या जन्मवर्षाच्या संचातलं.

"बाबा!"

"आइस्क्रीम खाल्लं," इद्वल खुशीत म्हणाला. "अ‍ॅल्डोकडे. पॉन्टिप्रिडला."

"पॉन्टिप्रिडला? बसनं?"

"म्हाताऱ्यांना बस फुकट असते. तुला माहीत नाही?"

नेस्टानं अ‍ॅल्डोला फोन लावला. नाणं पोस्टानं पाठवा, म्हणाली. अ‍ॅल्डो म्हणाला, छे, पोस्टाची जोखीम तो घेणार नाही. गल्ला संध्याकाळी बँकेत जातो, हवं असेल तर त्याआधी या.

"मी जाऊ का?" इद्वलनं खिशातल्या किल्ल्या वाजवल्या.

"खबरदार खुर्चीतून उठलात तर!"

बसमध्ये ती दाराजवळच्या जागेवर बसली. तळवे भिजले होते, छाती धडधडत होती. मनातल्या मनात ती बापाला बोलायची वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक थांब्याला त्यात एक वाक्य वाढत होतं.

अ‍ॅल्डोच्या कॅफेत गर्दी होती. ती सरळ काउंटरपाशी गेली.

"विसरभोळ्या माणसाकडून असलं नाणं घेता? लाज नाही वाटत? याला चोरी म्हणतात!"

"चोरी?" अ‍ॅल्डोनं भुवया उंचावल्या. "आइस्क्रीम दिलं मी. दोन गोळे. वर चॉकलेटसुद्धा." त्यानं मऊ कागदात धरलेलं नाणं काउंटरवर ठेवलं. बोट फक्त कडेला लागेल असं.

"पुन्हा ते आले तर हाकलून द्यायचं त्यांना."

"गिऱ्हाइकाला? मी? बाई, तुम्हाला काय देऊ?"

"काही नको." ती वळली, दोन पावलं गेली आणि परत आली. "व्हॅनिला. एकच गोळा."

ती दिसेनाशी झाल्यावर अ‍ॅल्डोनं मागच्या खोलीत जाऊन फोन उचलला.

"आली होती, इद्वल. बसनं. एकटी."

"चेहरा कसा होता?"

"आली तेव्हा कागदासारखा पांढरा. मग मला चोर म्हणताना लालबुंद. समोरच्या बाकावर बसून आख्खं आइस्क्रीम खाल्लं आणि मग उठली."

"बाकावर? उघड्यावर?"

"बाजाराच्या गर्दीत. पण किती संच फोडणार आहेस अजून? आता पुरे की."

"पुरे कसं? पुढचं बॅरीला, समुद्रावर," इद्वल म्हणाला. "तिच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वर्षभरात ती घराच्या फाटकापर्यंत आली तरी खूप समजा."