डावी बाजू

धाकट्या भावाच्या एका पत्राला मी वीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं. "दादा, मी कधीच लबाडी केली नाही," एवढंच त्यात होतं. गेम पार्लरमध्ये आम्ही एकमेकांविरुद्ध खेळताना तो धावत जाऊन मशीनची डावी बाजू अडवायचा आणि जिंकायचा. तिथेच काहीतरी गोम असणार, हा संशय माझ्या मनातून जाईना.

आता घरीच तसं मशीन बांधायला घेतलं. स्क्रीन, जॉयस्टिक नव्या घ्यायच्या ठरवल्या. बटणांचं जुनं पॅनेल मात्र त्याच पार्लरवाल्याकडे मागितलं. "डावी बाजू नीट तपासून द्या," मी बजावलं.

म्हातारा हसला. "अरे, डावीकडचं बटण पहिल्यापासून अडकतं. म्हणूनच धाकटा तुला तिथे उभं राहू देत नसे."



आज धाकट्याला उत्तर टपालपेटीत टाकलं: "मशीन तयार आहे, ये. बटण बदललेलं नाही. या वेळी डावी बाजू माझी."