भांडणापुरतं इंग्रजी

पडदे शिवणाऱ्या बाईने वरच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा सरांनी तिला समजावून पाहिलं. हा वर्ग वादविवादाच्या इंग्रजीचा, इथे मोठमोठ्या मुलाखतींची तयारी करणारी मुलं येतात. तुम्ही आपलं खालच्या वर्गात बसा, हॅलोपासून सुरुवात करा, असं त्यांचं म्हणणं.

"हॅलो येतं मला," ती म्हणाली. "हॅलोच्या पुढचं येत नाही."

तिची लेक परदेशात वकील होती. परक्या माणसांसाठी दिवसभर तोंड वाजवायची, घरी नवऱ्याशीही इंग्रजीतच हुज्जत घालायची. फोनच्या पलीकडून ते आईच्या कानावर यायचं. आईशी मात्र मराठीत आणि अगदी गोडीगुलाबीने. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, बरं आई, ठेवते आई. लहानपणी फ्रॉकच्या एका बटणावरून घर डोक्यावर घेणारी पोर, पण गेल्या सहा वर्षांत एका शब्दाने उलट बोलली नव्हती.

आज सरांनी फळ्यावर 'कन्सीड' हा शब्द लिहिला. समोरच्याचा एखादा मुद्दा मान्य करणं, असा अर्थ सांगितला. मुलांनी माना खाली घालून उतरून घेतला. बाईने बोट वर केलं.

"म्हणजे हरणं का हो, सर?"

"नाही काकू. तेवढ्या मुद्द्यापुरतं समोरच्याचं खरं, एवढंच. वाद तिथे संपत नाही. उलट अडलेला असला तर पुढे सरकतो."

बोलताना काय म्हणायचं, ते तिने विचारलं. सरांनी वाक्य सांगितलं. तिने ते तोंडातल्या तोंडात चार वेळा घोळवलं, वही मिटली आणि भर वर्गातून उठून बाहेर आली. जिन्याच्या पायरीवर बसून तिने फोन लावला. तिकडे सकाळ होती. लेक कामावर निघालेली.

"आई? या वेळेला? बरी आहेस ना?"

ती बरी होती. सांगायचं होतं ते वेगळंच होतं. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा शेवटचे आठ दिवस दवाखान्यात होता आणि तिने लेकीला कळवलं नव्हतं. परीक्षा बुडेल म्हणून. लेक आली ती सगळं आटोपल्यावर. जाब विचारायला तिने तोंड उघडलं, तर आई म्हणाली होती, झालं ते झालं, आता वाद नको. लेकीने ते अक्षरशः पाळलं.

"बाबांच्या वेळी..." ती म्हणाली आणि मराठी तिथेच अडली. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "यू हॅव अ पॉइंट."

पलीकडे गाडीचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

"काय म्हणालीस?"

"तुला कळवायला हवं होतं. तुझं बरोबर होतं."

"आत्ता सांगतेस?" लेकीचा आवाज चिरकला. "सहा वर्षांनी? आठ दिवस होते, आई. रोज फोनवर मला सांगत होतीस, बाबा झोपलेत म्हणून. मी रोज विश्वास ठेवला."

आवाज चढत गेला, मधेच इंग्रजीत शिरला, रडला, पुन्हा मराठीत आला. वर्गात शिकलेला एखादा शब्द बाईला ओळखू यायचा, बाकीचे डोक्यावरून जायचे. तिने मधे तोंड घातलं नाही. फोन कानाशी इतका घट्ट धरला होता की कान दुखायला लागला.

वर्गाचं दार किलकिलं झालं. सर डोकावले. बाईच्या डोळ्यांतलं पाणी पाहून तिथेच थबकले आणि काय झालं, असं हातानेच विचारू लागले.

तिने फोनवर तळहात ठेवला.

"लेक भांडतेय माझी," ती हलकेच म्हणाली. "दार लावून घ्या, सर. वेळ लागेल."