पाकळ्या गळेपर्यंत

ट्यूलिप उघडले होते. किनुएने खिडकीतून पाहिलं आणि भाताचा वाडगा तसाच ठेवून ती अंगणात आली.

चाळीस वर्षं तिने आणि तिच्या नवऱ्याने, तोकुजीने, जपानमधल्या तोनामीत ट्यूलिपचे कंद पिकवून विकले. फूल उमललं की लगेच त्याची मुंडी खुडायची, म्हणजे सगळा जीव खाली कंदात उतरतो. लाखो फुलं खुडली, गळेपर्यंत एकही पाहिलं नाही. शेत विकल्यावर तोकुजीने अंगणात कंद लावले. "ही बाग तुझी. बर्फ वितळलं की नार्सिसस, मग ट्यूलिप, उन्हाळ्यात लिली. पाकळ्या गळेपर्यंत बघत बस. ट्यूलिपच्या दिवसांत मात्र तुझे हात बांधून ठेवावे लागतील." जानेवारीत तो गेला. सगळा हिवाळा तिने या फुलांच्या आशेवर काढला होता.

कुंपणापाशी शेजारच्या फुसाएची सायकल थांबली. तिचाही जन्म कंदांतच गेलेला.

"जेवतेस का नीट? गालफडं बसलीत तुझी."

"एकटीसाठी काय रांधायचं? परवा पुन्हा दोघांचा भात शिजवला. अजून तोच खातेय."

"आमचे हे गेल्यावर मी वर्षभर दोन कप चहा ओतायचे."

"वर्षाने सुटलं?"

"कसलं सुटतंय. आता दुसराही मीच पिते."

दोघी हसल्या. फुसाए आत आली. एक वाफ्याच्या या टोकाला वाकली, दुसरी त्या टोकाला. गुडघे, लेकी, सुना, गप्पा चांगल्याच रंगल्या. पाठ सरळ करायला किनुए उठली आणि तिचं लक्ष आपल्या एप्रनकडे गेलं.

ओचा फुलांनी भरला होता. पिवळी, लाल काठाची. फुसाएच्या मुठीतही सहा-सात होती.

"अगं बाई," फुसाए हळूच म्हणाली. "मीपण..." तिने वाफ्यावर नजर फिरवली. "कंद तरी छान पोसतील गं."

"कुणासाठी?"

फुसाएने मुठीतली फुलं ओट्यावर ठेवली आणि सायकल हातात धरून ती चालत गेली.

वाफ्यात नुसते हिरवे देठ उभे होते. कोपऱ्यात एकच फूल उरलं होतं, अजून मिटलेलं. किनुए त्याच्यासमोर ओल्या मातीत बसली. हात बांधायला आता कुणी नव्हतं. तिने ते दोन्ही मांड्यांखाली घट्ट दाबून धरले.