वाळूचे प्रेक्षक

तिसऱ्या गाण्याला बाल्कनीतले सगळे उभे राहिले आणि खाली मागच्या रांगेशी उभ्या असलेल्या व्यवस्थापकाच्या खांद्यावर चिमूटभर चुना पडला. त्याने झटकला. पुन्हा पडला. तेव्हा त्याने वर पाहिलं. बाल्कनीच्या पोटाला बसवलेली प्लास्टरची नवी फुलं, जी त्याने संध्याकाळपासून येईल त्या पाहुण्याला मान वर करायला लावून दाखवली होती, ती गाण्याच्या ठेक्यावर थरथरत होती.

आजोबांच्या काळातलं हे थिएटर दुरुस्त होऊन आजच उघडलं होतं. बाल्कनीची परीक्षा त्याच्या डोळ्यांदेखत झाली होती. प्रत्येक खुर्चीवर माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं ठेवलं होतं आणि बाल्कनी केसभरही वाकली नव्हती. खोकत नाही, फोन वाजू देत नाही, मध्येच उठून बाहेर जात नाही, असा प्रेक्षक पुन्हा मिळायचा नाही, असा विनोद तेव्हा त्यानेच केला होता आणि हशाही वसूल केला होता. बसलेल्या माणसांना काही धोका नाही, असं इंजिनियर म्हणाला होता. थिएटरात माणूस बसतोच, त्यात सांगायचं काय, असं व्यवस्थापकाला वाटलं होतं.

आता वर खुर्च्या रिकाम्या होत्या आणि सगळी बाल्कनी एका दमात उड्या मारत होती.

त्याने दारावरच्या रखवालदाराला वर पिटाळलं. तो कॉलर सारखी करत परतला. बसा म्हटलं तर मलाच नाचवलं, म्हणाला, आणि त्याला ते फारसं वाईट वाटलेलं दिसत नव्हतं.

म्हणजे गाणंच थांबवायला हवं होतं. आणि गात होती ती त्याची लेक. हे थिएटर एका संध्याकाळपुरतं आपल्याला मिळावं म्हणून तिने बापाशी वर्षभर अबोला धरला होता. शेवटी बाप नमला होता.

गाणं संपताच ती पाणी प्यायला पडद्याआड आली. तो तिथे धापा टाकत उभा होता.

“बाल्कनी हलतेय. आधी सगळ्यांना खाली बसव.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. ही नजर त्याच्या ओळखीची होती. घरी तिने गिटार हातात घेतली की आईचं डोकं दुखायचं, शेजारी तक्रार करायचे आणि दिवाणखान्याच्या भिंतीला तडा जायचा, असं तो सांगायचा. आईला डोकेदुखी ठाऊक नव्हती. शेजाऱ्यांना ऐकू येत नव्हतं. आणि तो तडा लेकीच्या जन्माआधीपासून तिथेच होता; दर वेळी तो बोट ठेवून नव्याने दाखवायचा.

“घरची भिंत अजून उभी आहे, बाबा.”

“अगं, खरंच हलतेय.”

“तेव्हाही खरंच होतं.”

त्याने तिचं मनगट धरलं. पुढच्या रांगांना ते दिसलं असावं, शिट्ट्या आल्या. लोक बघताहेत म्हणून ती हसली आणि धरलेल्या हातानेच त्याला ओढत उजेडात घेऊन गेली.

“हे माझे बाबा,” ती माईकमध्ये म्हणाली. “यांना वाटतं, माझ्या गाण्याने भिंती पडतात.”

थिएटर हसून लोटपोट झालं. ड्रमवाल्याने टाळी घेतल्यासारखा एक ठोका दिला. व्यवस्थापक माईकशी वाकला.

“वरच्यांनी बसून घ्या,” तो म्हणाला. “पाया पडतो, बसून घ्या.”

वरून प्रेमाने उत्तर आलं. बाबा, बाबा. आधी कोपऱ्यातून, मग सगळीकडून, आणि मग त्या नावाला पाय फुटले. बा-बा, बा-बा, धप, धप.

लेक हसत हसत त्याच ठेक्यावर गिटार छेडू लागली. बाप हसत नव्हता. तो वर कुठे टक लावून पाहतोय हे तिने सहज पाहिलं. दिव्याच्या झोतात, बाल्कनीच्या पोटाखालून, पीठ चाळावं तसा चुना गळत होता.

तिचा हात तारांवरच राहिला. दुसरा वर करून तिने ड्रमवाल्यालाही थांबवलं.

ठेक्याला आता त्यांची गरज उरली नव्हती.