जिंकणारा उठत नाही

“सेम्पाच्या आई, पोराला एकदा बघून या,” असं नालोंगो म्हणाली होती. जुळ्यांची आई, म्हणून सगळी वस्ती तिला नालोंगोच म्हणायची. कलेर्वे बाजारामागे पत्र्याचं गेमचं खोपट होतं, त्याच्या समोर ती कसावा तळायला बसे. प्रॉसीनं तेव्हा हसून सोडून दिलं होतं. “अहो नालोंगो, मी त्याच्या हातावर एक नाणं ठेवत नाही. फुकट कोण खेळू देतंय त्याला?”

आज तिचं ऑफिस लवकर सुटलं. घराला कुलूप होतं. ती थेट खोपटाशी गेली आणि पडदा सारला.

आत घामाचा आणि तापलेल्या वायरींचा वास. पुढच्या बाकड्यावर नऊ वर्षांचा सेम्पा बसला होता. पाय जमिनीला टेकत नव्हते. टीव्हीच्या पडद्याचे दोन भाग, दोन बंदुका. एका भागात रक्ताळलेला माणूस सरपटत होता. सेम्पाचा अंगठा हलला आणि माणूस थांबला. शेजारच्या बोडावाल्यानं, म्हणजे मोटारसायकलवर भाडी मारणाऱ्यानं, रिमोट आपटला आणि खिशात हात घातला.

मागच्या बाकड्यावर चार वर्षांची किराबो कसावा चघळत होती. शाळा सुटली की बहिणीला सांभाळणं सेम्पाकडे असायचं. ही तरी खेळत नाहीये, असं प्रॉसीच्या मनात येऊन गेलं.

“या न्याबो, या बाईसाहेब, बसा,” मालक कातेरेगा अदबीनं म्हणाला. “तुमचा मुलगा चॅम्पियन आहे.”

“पैसे कोण देतं त्याचे?”

“हरणारा देतो. जिंकणारा बसून राहतो. तुमचा हरतच नाही, त्याला मी तरी काय करू?”

“न्याबो, घेऊन जा बाई त्याला,” बोडावाला म्हणाला. “दिवसभर गिऱ्हाइकं वाहायची आणि संध्याकाळी ह्या शेंबड्याला पोसायचं.”

सगळे हसले. प्रॉसी हसली नाही. “हा खेळ अठराच्या वरच्यांचा आहे. डब्यावर लिहिलेलं असतं.”

“डबा कुणी पाहिलाय, न्याबो? आणि अठराच्या वरचे तर सगळे ह्याच्याकडून हरून गेले.”

“सेम्पा, ऊठ.”

“आई, हरल्याशिवाय उठता येत नाही. इथला नियम आहे.”

त्याला दंडाला धरून ओढणं सोपं होतं. उद्या तो परत आला असता, हेही तिला ठाऊक होतं. तिनं बोडावाल्याला उठवलं, त्याच्या जागी बसली आणि पर्स मांडीवर घेतली. “दे तो रिमोट. मी खेळते.”

मागची माणसं पुढे वाकली. नंतर कुणीतरी शीळ घातली.

खेळ सुरू झाला. प्रॉसीनं एकही बटण दाबलं नाही. तिचा माणूस एका मोडक्या दारात नुसता उभा राहिला. सेम्पाचा माणूस धावत आला, नेम धरला.

“आई, पळ ना.”

“नाही पळत.”

“मग मी मारेन.”

“मार की. रोज मारतोस.”

“मार रे, चॅम्पियन,” मागून कुणीतरी म्हणालं. सेम्पानं पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे. अंगठा बटणावर होता. प्रॉसी त्याच्या अंगठ्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही. अंगठा वर आला. पुन्हा टेकला. मग त्यानं रिमोट हळूच बाकड्यावर ठेवला आणि तळहात चड्डीला पुसले.

“हरलो मी,” तो म्हणाला.

प्रॉसीनं कातेरेगाला मुलाच्या खेळाचे पैसे दिले. “फुटबॉल खेळू दे त्याला, मी अडवणार नाही. हा खेळ मिसरूड फुटल्यावर. तोवर ह्याला इथे बसवलंस, तर मी रोज येऊन शेजारी बसेन.”

“नको न्याबो,” कातेरेगा म्हणाला. “गिऱ्हाईक पळेल माझं.” ह्या खेपेला तीही हसली. जमलं, असं तिला वाटलं. न ओरडता, न मारता जमलं.

ती उठणार, तेवढ्यात किराबो मागच्या बाकड्यावरून उतरून तिच्याजवळ आली. पडद्यावर दोन्ही माणसं अजून समोरासमोर उभी होती. किराबोनं दोन्ही हातांनी रिमोट उचलला आणि आईच्या मांडीवर ठेवला. मग तिला नीट समजावून सांगितलं, “आई, डोक्यात मारायचं. पायात मारलं ना, की ते ओरडत राहतात.”

तुमच्या घरी आत्ता कुणी खेळत असेल, तर जरा उठा. खेळणाऱ्याला राहू द्या. त्याच्या मागे कोण बसलंय, तेवढं बघून या.