बेडी कुठाय?

गाडी काच कारखान्याच्या कुंपणाशी थांबली तरी व्हर्ना जिभेने उजवी दाढ चाचपतच होती. ही दाढ मार्चमध्ये तुरुंगाच्या डॉक्टरने भरली होती, तीही न मागता. सरकार न मागता काही देत नाही. दाढेत काहीतरी होतं. दाढेत नसेल तर लशीतून टोचलं असेल, नाहीतर सकाळच्या ओटमीलमध्ये कालवलं असेल. बेडी कुठेतरी होतीच, फक्त दिसत नव्हती.

कारण उघड बेडी एकही नव्हती. एके काळी अख्ख्या टोलेडो शहराची झोप उडवणारे, गाडीत बसलेले हे खलनायक कैदी आता सरकारने कामाला लावले होते. पोलिसांना झेपत नाही ते तुम्ही करा, एका कामामागे शिक्षेतली दोन वर्षं माफ. व्हर्नाने मुठी आवळल्या की शंभर पावलांतला उजेड विझायचा, म्हणून पेपरवाल्यांनी तिला ‘ग्रहण’ नाव दिलं होतं. शेजारी बसलेला ओटिस प्रुइट भिंतीतून आरपार जायचा, हात धरणाऱ्यालाही सोबत न्यायचा, तो ‘पाझर’. अशांना बाहेर काढायचं आणि साधी हातकडीसुद्धा नाही? पथकाचा प्रमुख लॅथम साहेब, त्याला विचारलं की हसायचा. “काही लावलेलं नाही, बाई. आईशप्पथ.”

पथकाच्या निवडीतही पाणी मुरत होतं. तळहातातून आग फेकणारे दोन दणकट कैदी अर्ज घेऊन आले, लॅथमने त्यांना उभंही केलं नाही. “आत किती वर्षं झाली? तीन? नको.” त्याला दहाच्या वरचेच हवे होते. जुने मेले तर रडायला कोणी नसतं, असा व्हर्नाने त्याचा अर्थ लावला. शुक्रवारी तो नकाशा समजावत असताना तुरुंगाची रोजची चारची घंटा झाली. सगळे हजेरीला उठून उभे राहिले, एकेकाने आपला कैदी नंबर सांगितला. तेव्हाही हा माणूस कॉफीचे घोट घेत सगळ्यांच्या पायांकडे बघत होता. असल्या माणसाच्या शब्दावर तिची उरलेली सव्वीस वर्षं कमी होणार होती थोडीच! ती आज पळणार होती.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला दार नव्हतं, म्हणून तिथे पहाराही नव्हता. भिंतीपलीकडच्या गल्लीत तिची मुलगी डार्सी गाडी घेऊन थांबणार होती, साडेतीन ते चार. व्हर्ना आत गेली तेव्हा डार्सी चार वर्षांची होती. आता अठराची झाली होती आणि गाडी चालवत होती. रविवारच्या भेटीत व्हर्नाने सगळं तिच्या कानात सांगितलं होतं. दोन तासांत कॅनडा. तिथे दोघी एका टेबलावर जेवतील, एवढंच व्हर्नाला हवं होतं.

काम सोपं निघालं. व्हर्नाने मुठी आवळल्या, कारखान्यात दडलेली चोरांची टोळी अंधारात एकमेकांवर आदळून गारद झाली आणि ओटिस तिजोरीतून लॅथमला हवी ती पेटी घेऊन आला. व्हर्नाने त्याला मागच्या भिंतीशी ओढलं. पावणेचार झाले होते.

“मला पलीकडे ने. माझी पोरगी गाडी घेऊन उभी आहे. तूही चल.”

ओटिसने लगेच हात पुढे केला. इतक्या लगेच? व्हर्नाने आपला हात मागे घेतला.

“थांब. तुला कुठलीच भिंत अडवत नाही. मग एकोणीस वर्षं तुरुंगात काय झक मारतोयस?”

“गेलो होतो की एकदा.”

“मग?”

“दुपार टळायच्या आत परत आलो.”

“का?”

“ते मलाही नाही कळलं गं.”

“शेंड्या लावू नकोस, म्हाताऱ्या. लॅथमचा हेर आहेस तू.”

तिने त्याचे खिसे उलटे केले. कॉलर चाचपली, बूट काढायला लावले, आ करायला लावून दाढा तपासल्या. बिस्किटाच्या चुऱ्याशिवाय काही सापडलं नाही. ओटिस निमूटपणे तपासू देत होता, आणि त्यानेच तिचा संशय वाढत होता. शेवटी मिनिटभर उरलं तेव्हा तिने डोळे मिटले आणि त्याचा हात धरला.

पलीकडे ऊन होतं. चार पावलांवर गाडी, दार उघडं, इंजिन चालू. “आई, बस ना! पटकन!” डार्सी ओरडली. व्हर्नाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

चौकातल्या चर्चची घंटा वाजू लागली. एक. दोन. ओटिसने पेटी खाली ठेवली आणि तो भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला. हीच खूण, व्हर्नाच्या मनात आलं, आता दाढ फुटणार. तिसरा टोला पडला, मग चौथा. दाढ फुटली नाही. कुठेच काही दुखलं नाही.

कोपऱ्यावरून लॅथम आला, एकटाच. त्याच्या हातात कॉफीचा कप होता, पिस्तूल नव्हतं. त्याला घाई नव्हती. व्हर्नाने मुठी आवळायला हव्या होत्या, पण तिची बोटं मांडीला चिकटून सरळ होती. टाचा जुळलेल्या होत्या. नजर समोर.

“आई, काय करतेयस? चल ना!”

आले गं, असं म्हणायला व्हर्नाने तोंड उघडलं.

“चव्वेचाळीस एकोणीस,” ती म्हणाली. “हजर.”