बाबांची झोप

"तुझ्या भिंतीवरचे बाबा आता इंटरनेटवर आलेत," म्हणत शलाकाने टॅब आईपुढे धरला. कुंचला सोडून ती ॲनिमेशनकडे वळली, तेव्हापासून आई तिच्या कामाबद्दल अवाक्षर काढत नव्हती.

भिंतीवरचं जलरंगातलं चित्र बाबा गेल्यावर शलाकानेच काढलेलं. शेवटच्या दुखण्यात त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे. आई कपाळावर हात ठेवून बसायची, तेव्हा कुठे ते घटकाभर निजायचे. म्हणून कागदावर तरी तिने त्यांना आरामखुर्चीत गाढ झोपवलं होतं.

टॅबवर बाबा दचकून जागे झाले, समोर बघत राहिले आणि पुन्हा पेंगू लागले. डोळे मिटतात न मिटतात तोच परत दचकले.

"तू तर हातसुद्धा लावला नाहीस. मग हे का उठतायत?" आईने विचारलं.

"अगं, जगात कुठेही कुणी चित्राला बोट लावलं, की सगळ्यांच्याच स्क्रीनवर ते जागे होतात. लोकांना हेच तर जाम आवडलंय!"

"म्हणजे रात्रंदिवस कुणी ना कुणी उठवतच असणार ह्यांना?"



बाबांचे डोळे पुन्हा मिटत आले होते. आईने टॅब मांडीवर घेतला आणि पूर्वीसारखा त्यांच्या कपाळावर अलगद हात ठेवला.

बाबा दचकून जागे झाले.